मुळांना गारवा, पानांना ऊन

इगतपुरी आणि येवला ही दोन्ही गावे नाशिक जिल्ह्यातलीच. मध्ये अंतर सव्वाशे-दीडशे किलोमीटरचे. पण इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो आणि येवल्यात पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पडला तरी शेतकरी सुटकेचा श्वास सोडतो. नाशिक शहर या दोन टोकांच्या मध्ये, सातशे मिलिमीटरच्या आसपास. हा पाऊसही जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येऊन जातो. मग आठ महिने आकाश कोरडे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचावर आहे. मे महिन्यात पारा दुपारी चाळिशी गाठतो आणि रात्री बावीस-तेवीस अंशांवर उतरतो. हिवाळ्यात शेजारच्या निफाडमध्ये, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात, पारा पाच अंशांच्याही खाली गेल्याच्या बातम्या वर्तमानपत्रात झळकतात.

कॉलेज रोडच्या फ्लॅटची बाल्कनी, सिडकोतल्या घराची गच्ची, पंचवटीतल्या जुन्या वाड्याचे परस आणि गंगापूर रोडच्या बंगल्याभोवतीची चार हात जागा या सगळ्यांना हीच हवा आहे. बागेची आवड असलेल्या घरात दरवर्षी एकच गोष्ट घडते. पावसाळ्यात हौसेने आणलेली रोपे दिवाळीपर्यंत टवटवीत असतात, होळीनंतर मलूल होतात आणि मेअखेरीस अर्ध्या कुंड्या रिकाम्या झालेल्या असतात. मग ‘आपल्या हाताला झाड लागत नाही’ असा निष्कर्ष निघतो. हाताचा यात काही दोष नसतो. झाड कुठून आले आणि ते किती पाणी उडवते, या दोन गोष्टी घरात कोणी सांगितलेल्या नसतात.

आधी झाड कुठून आले ते पाहू. देशभरातल्या रोपवाटिकांत विकली जाणारी शोभेची झाडे मोठ्या संख्येने आंध्र प्रदेशातल्या कडियम परिसरातून येतात. कडियम हे राजमहेंद्रीजवळचे, गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातले गाव. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावून सुमारे १,४६५ किलोमीटर वाहत गेलेली गोदावरी तिथे समुद्राला मिळण्याच्या बेतात असते. तिथली हवा दमट, माती गाळाची आणि रोपे वाढलेली असतात जाळीच्या सावलीत. नदीच्या त्या टोकाचे झाड ट्रकमधून या टोकाला येते, रोपवाटिकेतल्या हिरव्या जाळीखाली काही दिवस काढते आणि एका रविवारी थेट पश्चिमेच्या बाल्कनीत जाऊन बसते. दमट हवेत वाढलेल्या पानांना इथल्या कोरड्या वाऱ्याची सवय नसते. मुळे पाणी जितके पुरवतात त्यापेक्षा पाने जास्त उडवतात आणि झाड कडांपासून करपू लागते. म्हणून नवे झाड आणल्यावर पहिले दहा-पंधरा दिवस ते सावलीतच ठेवावे. मग रोज सकाळचे एक-दोन तास ऊन द्यावे आणि ही वेळ हळूहळू वाढवत न्यावी. कुंडी लगेच बदलण्याची घाई करू नये. खरेदीही मार्च-एप्रिलमध्ये न करता जून ते ऑक्टोबर या काळात करावी. मार्चमध्ये घेतलेले नाजूक झाड उन्हाळा पाहण्याआधीच थकते.

आता पाण्याचा हिशेब. हवामान केंद्रात पाण्याने भरलेले एक उघडे पसरट भांडे ठेवलेले असते आणि त्यातले पाणी रोज किती मिलिमीटरने उतरले, ते मोजतात. दख्खनच्या या कोरड्या पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये रोज आठ-दहा मिलिमीटर पाणी उडते. डिसेंबर-जानेवारीत तीन-चार मिलिमीटर. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. म्हणजे दहा चौरस मीटरच्या भरगच्च भाजीच्या वाफ्याला मे महिन्यात रोज ऐंशी लिटरच्या घरात पाणी लागणार आणि तोच वाफा डिसेंबरमध्ये तीस-चाळीस लिटरवर भागवणार. नाशिकमध्ये भाजीची खरी बाग हिवाळ्यात करायची, हे या एका आकड्याने ठरते.

हाच हिशेब कुंडीला लावला की आणखी काही उलगडते. बारा इंची कुंडीत साधारण पंधरा लिटर माती मावते. त्यातले झाडाला घेता येईल असे पाणी तीन लिटरच्या आसपास असते. अशा कुंडीत वांग्याचे झाड फुटीला आले आणि त्याचा घेर दोन फुटांचा झाला की उन्हाळ्यात ते रोज दोन लिटरहून जास्त पाणी उडवते. सकाळी भरलेली कुंडी दुसऱ्या दिवशी दुपारी कोरडी पडणारच, मग माळीकाम कितीही मनापासून केलेले असो. तेच झाड अठरा इंची कुंडीत किंवा मोठ्या ग्रो-बॅगमध्ये लावले तर मातीचा साठा तिपटीने वाढतो आणि एखाद्या दिवशी पाणी चुकले तरी झाड तग धरते. गच्चीवर दहा छोट्या कुंड्या ठेवण्यापेक्षा तीन मोठ्या ठेवाव्यात. कुंड्या एकमेकींना खेटून, मोठ्या बाहेर आणि लहान आत अशा लावल्या की एकीची सावली दुसरीवर पडते आणि आतली हवाही थोडी ओलसर राहते.

पाणी वाचवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय मातीवर पांघरूण घालण्याचा आहे. शेतकरी त्याला आच्छादन म्हणतात. ऊस पट्ट्यात पाचट वापरतात, द्राक्षबागेत वेलीच्या बुंध्याशी बगॅस पसरतात. उघड्या मातीवर ऊन पडले की वरचा थर तापतो आणि खालचा ओलावा खेचून वाफेवाटे उडवतो. दोन-तीन इंच जाडीचे आच्छादन हे खेचणे तोडते. शहरातल्या माणसाला त्यासाठी काही विकत आणावे लागत नाही. मार्च उजाडला की नाशिकच्या चौकाचौकांत रसवंत्या सुरू होतात आणि त्यांच्या मागे उसाच्या चिपाडांचे ढीग पडतात. ज्या महिन्यांत आच्छादन सर्वांत जास्त लागते, नेमके त्याच महिन्यांत ते फुकट मिळते. फक्त चिपाडे दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवून घ्यावीत, नाहीतर उरलेल्या साखरेवर मुंग्या येतात. वाळलेली पाने, भुईमुगाची टरफले, गव्हाचा भुसा, नारळाच्या शेंड्या हेही चालते. आच्छादन खोडाला चिकटवू नये, दोन बोटे जागा मोकळी सोडावी. जमिनीत वाळवी असेल तर ते अधूनमधून उचलून पाहावे.

काळ्या मातीच्या परसात आणखी एक गोष्ट करावी लागते. ही माती वाळली की तिला भेगा पडतात आणि भेगेच्या दोन्ही भिंतींतून ओल उडून जाते. ‘एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी’ असे शेतकरी म्हणतात, त्यामागचे कारण हेच. खुरप्याने वरची इंच-दोन इंच माती भुसभुशीत केली की भेगा बुजतात आणि खालून वर पाणी चढवणाऱ्या केसासारख्या वाटा तुटतात. घरच्या वाफ्यात आठवड्यातून एकदा पाच मिनिटांचे हे काम. त्यावर आच्छादन घातले तर तेही कमी वेळा करावे लागते.

महाराष्ट्रात शहरी बागेचा हा विचार रुजवण्यात श्री. अ. दाभोळकरांचा मोठा वाटा आहे. कोल्हापूरच्या या गणिताच्या प्राध्यापकांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. द्राक्ष बागायतदारांपासून गच्चीवर भाजी लावणाऱ्यांपर्यंत अनेकांना त्यांनी स्वतःच्या जागेत स्वतः मोजून पाहायला शिकवले. पालापाचोळा हे झाडाचे अन्न आहे आणि ते जाळणे म्हणजे माती जाळणे, हा त्यांच्या कामाचा गाभा. नाशिकमध्ये संदीप चव्हाण यांनी ‘गच्चीवरची बाग’ या नावाने याच वाटेवरचे काम उभे केले. गच्चीवर मातीचे ओझे चढवण्याऐवजी वाळलेली पाने, नारळाच्या शेंड्या, उसाचे चिपाड आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा यांच्या थरांवर भाज्या घ्यायच्या. पालापाचोळ्याची कुंडी मातीच्या कुंडीपेक्षा खूपच हलकी असते. जुन्या इमारतींच्या स्लॅबसाठी ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. फक्त असे थर वरून लवकर सुकतात, तेव्हा त्यांच्यावरही पाचोळ्याचे पांघरूण हवेच.

पाणी देण्याच्या पद्धतीकडे वळू. पाइप लावून वरून फवारा मारणे ही सर्वांत महागडी पद्धत. त्यातले बरेचसे पाणी पानांवरून आणि फरशीवरून उडून जाते. त्याऐवजी दोन पद्धती या हवेला साजेशा आहेत. पहिली फार जुनी. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात चीनमधल्या फान शेंग-ची यांच्या शेतीविषयक ग्रंथात मातीचे मडके जमिनीत पुरून त्याभोवती वेल लावण्याची रीत नोंदवलेली आहे. घरच्या वाफ्यात दोन-तीन लिटरचा, रंग न दिलेला, कच्च्या भाजणीचा माठ गळ्यापर्यंत पुरायचा, पाण्याने भरायचा आणि तोंड झाकून ठेवायचे. माठाच्या छिद्रांतून पाणी झिरपते. यातली खरी खुबी अशी की भोवतालची माती कोरडी असेल तर ती पाणी जास्त ओढते आणि ओली असेल तर झिरपणे आपोआप मंदावते. किती पाणी द्यायचे ते माठच ठरवतो. गिलके, दोडका, काकडी, डांगर हे वेल अशा माठाभोवती सुंदर वाढतात, कारण त्यांची मुळे माठालाच येऊन बिलगतात. गावाला आठ दिवस जायचे असेल तर शेजाऱ्याला किल्ली देण्यापेक्षा मोठा माठ पुरणे सोपे. बोअरच्या जड पाण्याने छिद्रे बुजतात, म्हणून वर्षातून एकदा माठ काढून काथ्याने घासावा किंवा बदलावा.

दुसरी पद्धत ठिबकची. सिमखा ब्लास या इस्रायली अभियंत्याला १९३०च्या दशकात कोरड्या जमिनीत एक झाड इतरांपेक्षा जोमाने वाढलेले दिसले. जवळच्या पाइपाच्या जोडातून थेंब थेंब पाणी गळत होते. पुढे १९६५ साली हात्झेरीम या किबुत्झमध्ये नेटाफिम ही कंपनी सुरू झाली आणि ठिबक जगभर पोचले. महाराष्ट्रात १९८०च्या दशकात जळगावच्या जैन इरिगेशनने ते शेतकऱ्यांच्या बांधावर आणले आणि नाशिकच्या द्राक्षबागांनी ते उचलून धरले. थेंबाथेंबाने सतत पाणी देण्याची कल्पना इथल्या माणसाला नवी वाटायला नको. वैशाखात शिवपिंडीवर टांगलेली गळती हेच तर करते. गच्चीवर ताशी दोन लिटरचे ड्रिपर, एक लहान फिल्टर आणि टाइमर एवढ्यात काम होते. मोठ्या कुंडीला दोन ड्रिपर समोरासमोर लावावेत, नाहीतर मुळे एकाच बाजूला गोळा होतात. फिल्टर दर पंधरवड्याला धुवावा.

पाणी केव्हा द्यावे यावर घराघरांत वाद होतात. उन्हाळ्यात पहाटे किंवा सकाळी लवकर द्यावे, हे उत्तम. दुपारी दोन वाजता पान लोंबले म्हणून घाबरून पाणी ओतू नये. कडक उन्हात पुष्कळ झाडे पाने मुद्दाम सैल सोडतात आणि ऊन कलले की सावरतात. सूर्यास्तानंतरही पान लोंबलेलेच असेल तर ते खरे तहानेचे लक्षण. बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहावे; आत ओल असेल तर पाणी थांबवावे. रोज वरवर शिंपडलेल्या पाण्याने मुळे वरच्याच, सर्वांत तापणाऱ्या थरात राहतात. खोलवर, तळाच्या छिद्रातून थोडे बाहेर येईपर्यंत पाणी दिले की ती खाली उतरतात. कोकोपीटची कुंडी एकदा ठार कोरडी झाली की पाणी कडेने निसटून जाते आणि मधला गड्डा सुकाच राहतो. अशी कुंडी अर्धा तास टबात बुडवून ठेवावी.

झाड उन्हाने मरते तेव्हा दुखापत बहुधा मुळाला झालेली असते. पानाला ऊन सोसते. पण काळी प्लॅस्टिकची कुंडी पश्चिमेच्या उन्हात तापली की आतली माती चाळिशीकडे जाते आणि मुळांची वाढ थांबते. म्हणून कुंडीला बाहेरून पांढरा चुना किंवा रंग द्यावा, ती तापलेल्या स्लॅबवर न ठेवता विटांवर किंवा लाकडी पट्ट्यांवर ठेवावी. लहान कुंडी मोठ्या कुंडीत बसवून मधल्या पोकळीत पाचोळा भरावा. पश्चिमेच्या बाजूला पन्नास टक्के सावलीची जाळी होळीच्या सुमारास बांधावी आणि मृगाचा पाऊस सुरू झाला की सोडावी. वर्षभर जाळीखाली ठेवलेल्या बागेत फुले कमी येतात आणि भाज्या लांबट होतात. जाळी नसली तरी अडत नाही. मालेगाव-सटाणा भागातले डाळिंब उत्पादक उन्हाचे चट्टे पडू नयेत म्हणून झाडांवर जुन्या साड्या पांघरतात. घरातली जुनी सुती साडी बाल्कनीत तेच काम करते आणि दुपारचा कोरडा वाराही अडवते.

मातीचीही इथली म्हणून एक अडचण आहे. दख्खनच्या काळ्या मातीत चुनखडी भरपूर, त्यामुळे ती अल्कधर्मी. बंगल्याच्या आवारात बांधकामाचा सिमेंट-चुना मिसळलेला असला तर आणखीच. अशा मातीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही. गुलाब, मोगरा, जास्वंद, लिंबू यांची नवी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, ते याचे लक्षण. लोक याला खताची कमतरता समजून युरिया टाकतात. हवे असते हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट. लिटरभर पाण्यात दोन-तीन ग्रॅम हिराकस आणि लिंबाचे काही थेंब टाकून सायंकाळी पानांवर फवारावे आणि मुळाशी कुजलेले शेणखत नियमित द्यावे. शेणखतातली आम्ले लोह मोकळे करतात. चुलीची किंवा बंबाची राख झाडाला चांगली, हा सल्ला कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत योग्य आहे. नाशिकच्या चुनखडीच्या मातीत राख हात राखूनच टाकावी.

कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसू लागला तर तो पाण्यातल्या क्षारांचा. वर्षातून दोन-तीनदा, आणि पावसाळ्यात तर सहज, कुंडीतून भरपूर पाणी आरपार जाऊ द्यावे. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात क्षार एकवटलेले असतात. ते बागेला रोज देऊ नये, दिले तर निम्मे साधे पाणी मिसळून आणि जमिनीतल्या दणकट झाडांनाच. एसीचे पाणी मात्र जवळजवळ क्षारमुक्त असते आणि कोणत्याही झाडाला चालते. तांदूळ-डाळ धुतलेले पाणीही उत्तम.

नाशिकच्या द्राक्षशेतीचा आरंभ १९२५च्या सुमारास ओझरला रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांच्या बागेत झाला, असे मानले जाते. तेव्हापासूनच्या शंभर वर्षांत इथल्या शेतकऱ्याने या हवेशी कसे वागायचे ते पुरते शिकून घेतले आहे आणि घरच्या बागेसाठी यापेक्षा चांगली शाळा नाही. दुष्काळ आणि क्षारट पाणी यांना कंटाळून त्याने वेलीची मुळेच बदलली. डॉगरिज या काटक जंगली द्राक्षाच्या मुळावर थॉमसनसारख्या जातींचे कलम बांधायला सुरुवात झाली. गुलाब किंवा लिंबू घेताना हीच नजर ठेवावी, फुलाचा रंग पाहण्याआधी कलम कशावर बांधले आहे ते विचारावे. छाटणीचे वेळापत्रकही तिथूनच घ्यावे. बागायतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो आणि ऑक्टोबरमध्ये फळ छाटणी. घरच्या गुलाबाची मुख्य छाटणीही दसरा झाला की ऑक्टोबरातच करावी. पुढच्या दीड-दोन महिन्यांत, हिवाळ्याच्या स्वच्छ उन्हात, फुले येतात ती वर्षातली सर्वांत मोठी आणि गडद. मोगऱ्याचे उलट. त्याला डिसेंबरात पाणी कमी करून विश्रांती द्यावी, जानेवारीत छाटावे, खत-पाणी सुरू करावे. मग फेब्रुवारी-मार्चपासून कळ्या धरतात. लिंबू आणि डाळिंब यांनाही बहार धरण्यासाठी असा पाण्याचा ताण देतात, पण तो जमिनीतल्या तीन-चार वर्षांच्या झाडालाच द्यावा. कुंडीतले झाड ताण सोसत नाही.

भाज्यांचे वर्ष जूनपासून मोजावे. मृगात मांडवावर गिलके, दोडका, कारले, डांगर चढवावे. सतत ढगाळ हवा राहिली तर भुरी आणि डाऊनी हे बुरशीचे रोग येतात, म्हणून वेल दाट होऊ देऊ नये. गणपती उठले की टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी, फ्लॉवर यांची रोपे टाकावीत आणि ऑक्टोबरची उष्णता ओसरू लागली की लावावीत. मेथी, पालक, शेपू, चाकवत, कोथिंबीर यांना नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ अक्षरशः मानवतो. मार्चनंतर कोथिंबीर पेरली की पाने येण्याआधी तुरे येतात. टोमॅटोचेही तसेच. दिवसाचे तापमान पस्तिशीपुढे आणि रात्रीचे विशीपुढे राहू लागले की त्याचे परागकण निकामी होतात आणि फुले गळतात. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोचा हंगाम पावसाळ्यानंतर भरात असतो, तो याच कारणाने. मे महिन्यात गच्चीवरच्या टोमॅटोला खत घालत बसणे व्यर्थ आहे.

कांदा तर जिल्ह्याचे पीक. एन-५३ ही खरिपाची लाल जात निफाडची आणि एन-२-४-१ ही साठवणीची जात पिंपळगाव बसवंतची. १९७७ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठानचे केंद्र चितेगाव फाट्यावर आहे; खरिपासाठी ॲग्रीफाउंड डार्क रेड आणि रब्बीसाठी ॲग्रीफाउंड लाइट रेड या त्यांच्या जाती. घरी कांद्याचा गड्डा पोसण्याचा आग्रह नको. कोंब आलेले कांदे खोलगट ट्रेमध्ये लावले तर तीन आठवड्यांत पात मिळू लागते आणि दोन-तीनदा कापता येते.

उन्हाळ्यासाठी गवार, चवळी, भेंडी, अंबाडी आणि तांदुळजा यांच्यावर भर द्यावा. ही पिके ऊन सोसतात. फुलांत बोगनवेल, सदाफुली, चाफा आणि ऑफिस टाइम मे महिन्यातही हसत राहतात. बोगनवेलीला तर जास्त पाणी दिले की पानेच येतात, फुले नाहीत. जागा असेल तर पश्चिमेला शेवगा लावावा. तो दुपारची झळ अडवतो, त्याच्या विरळ सावलीत कढीपत्ता, गवती चहा आणि पुदिना खुशाल वाढतात, आणि शेंगा मिळतात त्या वेगळ्याच. दर वर्षी त्याला कमरेएवढा छाटावा, नाहीतर शेंगा हाताला लागत नाहीत आणि ठिसूळ फांद्या वाऱ्याने मोडतात. सीताफळ आणि डाळिंब ही कोरड्या हवेची हक्काची फळे. लिंबात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची साई सरबती ही जात घ्यावी.

किडींपैकी कोरड्या उष्णतेत सर्वांत त्रास देतो तो लाल कोळी. पाने निस्तेज, बारीक ठिपक्यांची दिसू लागली की ती उलटून पाहावीत. त्याला दमटपणा आवडत नाही, म्हणून दोन-तीन दिवसांआड पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा मारला की तो आटोक्यात येतो. पिठ्या ढेकूण, मावा, फुलकिडे यांच्यावर पाच टक्के निंबोळी अर्क सायंकाळी फवारावा.

आणि पाऊस. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर सातशे मिलिमीटर पाऊस म्हणजे वर्षाला सत्तर हजार लिटर पाणी. वाया जाणारे वजा केले तरी पन्नास हजारांवर उरते. ते सगळे टाकीत साठवणे घरगुती जागेत शक्य नाही, पण गच्चीचा पाइप परसातल्या शोषखड्ड्याकडे वळवला तर बोअरला पाणी टिकते. दोनशे लिटरची दोन पिंपे भरून ठेवली तर कुंड्यांतले क्षार धुवायला ते पाणी हाताशी राहते. गंगापूर धरणाचा साठा उतरला की शहरात पाणीकपातीची चर्चा सुरू होते. बागेचा पहिला बळी अशाच आठवड्यांत जातो.

नवे झाड जमिनीत लावायचे असेल तर त्याचे काम मे महिन्यातच सुरू होते. दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा खणून तो पंधरा दिवस उन्हात तापू द्यावा. खाली मुरूम लागला तर तो पहारीने फोडावा, नाहीतर पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचून मुळे कुजतात. भरताना चांगली माती, कुजलेले शेणखत, किलोभर निंबोळी पेंड आणि तळाशी पाचोळा घालावा. पहिले दोन चांगले पाऊस झाले, माती बसली, की रोप लावावे.

आणखी एक काम सोसायटीतल्या प्रत्येकाला करता येईल. फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिकच्या रस्त्यांवर पानगळ सुरू होते आणि झाडलेली पाने सकाळी कोपऱ्यात पेटवली जातात. उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये मनाई केली असून त्यासाठी पाच हजार रुपये दंड ठरवला आहे. पुढच्या पानगळीला आवारात विटांचा किंवा जाळीचा एक हौद उभा करा, झाडणाऱ्या मावशींना आणि काकांना पाने तिथेच टाकायला सांगा, वर अधूनमधून पाणी आणि थोडे शेण शिंपडा. मृग लागेपर्यंत खालच्या थरात खत तयार झालेले असेल आणि वरची पाने उरलेल्या कुंड्यांच्या आच्छादनाला पुरतील.